तडा कुठं जायचा ते ठरवणारे काका

आपल्या घराला तडा कुठं जाणार हे आधी ठरवून मग घर बांधणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो राजारामपुरीत माझा घरमालक निघाला. इमारतींची डिझाइनं करण्यात काकांचा जन्म गेला. खोली दाखवताना दुसरे मालक नळाच्या पाण्याची वेळ सांगतात, काकांनी वरच्या आडव्या बीमवर, उभ्या कॉलमच्या अगदी लगत, पेन्सिलीनं मारलेली रेघ दाखवली आणि खुशीत म्हणाले, "पावणं, भूकंप आलाच तर हितं तडकणार."

मी लातूरकडचा. लहानपणी आमचं माळवदाचं, जड मातीच्या छताचं घर भूकंपात बसलं, वडील त्यातच गेले, माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून छताखाली डोळा म्हणून लागत नसे. फौंड्रीतली नोकरी टिकवायला इथं राहणं भाग होतं, आणि हा गृहस्थ मला तड्याची जागा दाखवत होता! मी गच्चीवर पथारी टाकली. थंडीनं जागायचो आणि कामावर पेंगायचो. "पुन्हा झोपलास तर गावाकडची गाडी धर," मुकादमानं बजावलं.

काकांना हे कळलं, तसं ते मला रोज जेवायला बोलवू लागले. ताटातला पापड मोडून म्हणायचे, "ह्यो बघा, सांगून मोडत न्हाय." मग भाकरी दुमडायचे. "ही वाकती, फाटती, पर हातात ऱ्हाती. घर असं पायजे. भूकंपात मार बसणारच की! कुठं खायाचा, किती खायाचा, ते आपण ठरवायचं. बीमनं खावा, कॉलमनं न्हाय. कॉलम गेला की घर बसलं."

"अवो, तेंला जेवू द्या की," काकी वैतागायच्या. "तुमचा कॉलम उपाशी हाय!"

एका दुपारी जमीन हलली. सगळी गल्ली रस्त्यावर, मी अनवाणी. हलायचं थांबताच काका मात्र जिना चढून माझ्या खोलीत. वरून आरोळी आली, "पावणं, रेघंवरच गेला की वो!"

संध्याकाळी त्यांनी पेढे वाटले. "घराला तडा गेला आन् ह्यो पेढं वाटतोय!" शेजारी कपाळाला हात लावून म्हणाले. मी स्टुलावर चढून पाहिलं. केसाएवढा तडा, नेमका रेघेवर, कॉलम कोरा. काकांनी तड्यावर काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला तर काच फुटणार. त्या दिवसापासून मी त्या काचेखालीच झोपतो. मुकादमानं पुन्हा कधी हटकलं नाही.

आता काकांना जिना चढवत नाही. मला इथली बोली आली, तरी त्यांचा मी पावणंच. सकाळी कामाला निघालो की खुर्चीतून विचारतात, "पावणं, काच?"

"शाबूत हाय, काका."

मी चपला घालेपर्यंत ते विसरतात आणि पुन्हा विचारतात. मी चपला काढतो, जिना चढतो, काचेवर बोट फिरवतो आणि खाली येऊन सांगतो.