क्रेन नसलेलं जहाज

"भाऊ, बोट कुठी बांधून ठेवली? रामाळा तलावात का?"

बाबांनी चंद्रपुरात जहाजांच्या दलालीचं ऑफिस उघडलं, तेव्हा येणारा-जाणारा हेच विचारायचा. बाबाही कमी नव्हते. "या, तुमच्यासाठी जागा पकडून ठेवली हाये," म्हणायचे. हसणाऱ्यांना काय कळणार! दलालाला स्वतःचं जहाज लागत नाही. इकडच्या गिरण्यांचा तांदूळ काकीनाड्याच्या बंदरातून परदेशी जातो. त्याला योग्य जहाज ठरवून द्यायचं, एवढंच आमचं काम. ते फोनवर होतं. आज ते ऑफिस मी चालवते, आणि चांगलं चालवते. उगाच लाजून कशाला सांगू?

एक गोष्ट मात्र घरात कुणी काढायची नाही. मला ती आईनं गुपचूप सांगितली. बाबांनी ठरवलेल्या पहिल्याच जहाजाला क्रेन नव्हती. इथं चंद्रपुरात कोळशाच्या डेपोवर ट्रक काही क्रेन घेऊन येत नाही; माल चढवणं डेपोचं काम. बंदरातही तसंच असणार, असं बाबांनी धरलं. पण तिथं तांदळाची जहाजं किनाऱ्यापासून लांब, पाण्यातच उभी राहतात. पोती सपाट होड्यांतून जातात आणि वर ओढायला जहाजाचीच क्रेन लागते. जहाज आलं तसं रिकामं गेलं. गावभर हसं झालं. तेव्हापासून बाबा काकीनाड्याला कधी गेलेच नाहीत. तिथला आमचा माणूस दरवर्षी बोलवायचा आणि दरवर्षी बाबांचा गुडघा दुखायचा. आयुष्यभर जहाजं ठरवली, पण समुद्र पाहिला नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

यंदा मूल गावचे एक जुने गिरणीवाले आले. मुंबईच्या दलालानं पाठवलेला मेसेज दाखवत म्हणाले, "बाई, मुंबईवाला स्वस्तात जहाज देऊन राह्यला. तुमाले काऊन काम देऊ?"

मी मेसेज वाचला. "याले क्रेन नाई, भाऊ."

"मंग? बंदरात नसते का क्रेन?"

कोपऱ्यात बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"नसते," बाबा म्हणाले. "मीबी असाच फसलो होतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं, रिकामं गेलेलं जहाज, गावाचं हसणं, काही न लपवता. गिरणीवाले हसले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "तुमीच ठरवा जहाज."

ते गेल्यावर बाबांनी पेपराची घडी घातली. "हे जहाज लागन तवा मले घेऊन चाल. पाहाचं हाये."

माझे डोळे भरून आले, तरी जीभ कुठं गप्प बसते! "अन् गुडघा?"

"तो आता बरा हाये," बाबा म्हणाले.