बारा मिनिटं

“आधी चहा आण. मग चाल खेळ.”

साहेबांनी घोडा पुढं काढला, घड्याळाचं बटण दाबलं आणि मग हे म्हणाले. म्हणजे आता वेळ माझा जाणार.

बेंगळूरच्या त्या कारखान्यात मी कॅन्टीनमध्ये वाढायचं काम करायचे. सात वर्षं झाली होती. नव्वदनंतरची गोष्ट. कारखान्याची बुद्धिबळ स्पर्धा सगळ्यांना खुली होती. मी शेवटच्या डावापर्यंत पोचले. समोर पुण्याहून आलेले मोठे साहेब.

डाव सुरू होतानाच ते हसले होते. त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी वजिराकडच्या उंटापुढचं.

“ह्या ओपनिंगचं नाव काय? सांग.”

अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, बसवनगुडीतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात बसून माझ्याकडून घोटून घेतलेलं ते. पुस्तक इंग्रजी. चित्रं बघून चाली शिकलो. नाव दोघांनाही वाचता आलं नव्हतं.

“स्वल्प थांबा, आठवते.” मी खोटंच बोलले. ‘जरा’साठी कन्नडातलं ‘स्वल्प’ तोंडात आलं.

“स्वल्प? मराठी तरी धड बोल.”

भोवतीचे हसले. आमच्या घरातली मराठी ह्या गावात तीनशे वर्षांची. तरी मान माझीच खाली गेली.

म्हणून चहा म्हणताच मी उठले. पाय आपोआप कॅन्टीनकडे. तीन कप आणले. एक पंचांना दिला. त्यांनी घेतला. घड्याळ कुणीच थांबवलं नव्हतं. माझ्या तीस मिनिटांतली बारा गेलेली.

साहेबांनी घोट घेतला. “साखर कमी आहे. परत जा.”

मी खुर्चीत बसले. “चाल माझी आहे. मी जात नाही.”

पंच हळूच म्हणाले, “अक्का, साहेब आहेत ते.”

“असतील. इथं माझ्याशी खेळायला बसलेत.”

दोन प्यादी जास्त होती माझी. त्यांचा राजा कोपऱ्यात अडकलेला. आणि माझा वेळ संपला. हरले.

पंचांनी निकालाच्या कागदावर माझी सही मागितली. सहीच्या वर मी कन्नडमध्ये लिहिलं, ‘बारा मिनिटं साहेबांचा चहा आणण्यात गेली.’ साहेबांना वाचता आलं नाही. पंचांना आलं.

“हे खोडा, अक्का.”

“नाही खोडत.”

दुसऱ्या दिवसापासून मला मागं भांडी घासायला टाकलं. वर्षभर घासली. राग साहेबांचा कमी, उठलेल्या माझ्या पायांचा जास्त.

पुढच्या स्पर्धेची नावं घ्यायला कारकून आला. मला बघून म्हणाला, “परत?”

“दर वर्षी लिही. आणि डाव संपेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही.”