समोरच्यांचा डबा

नव्या गावात येऊन तीन आठवडे झाले, तरी जिन्यात समोरच्या काकू दिसल्या की मी मागे सरायचे. सामान उतरवलं त्या दिवशी त्यांनी डब्यातून पिठलं-भाकरी दिली होती. डबा घासून ओट्यावर पडला होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आईची शिकवण. आणि माझ्या कढया अजून खोक्यात. खरं सांगायचं तर खोकी उघडायचं मनच नव्हतं.

रविवारी हे म्हणाले, "चल, टेकडीवर तरी जाऊन येऊ."

आश्विनातलं ऊन लख्ख पडलं होतं. पिवळं होऊ लागलेलं गवत वाऱ्यासरशी एका अंगावर कलत होतं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. उतरताना वाटेवर एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. मी मऊ फळ चाचपू लागले, तर म्हणाली, "डोळे उघडलेली न्या, बाई. कडक असली तरी घरी पिकतील."

झाडावरून तोडल्यावर, परक्या घरात, हे फळ गोड होतं. इतकी वर्षं खाल्लं, पण कधी मनात आलं नव्हतं.

चार सीताफळं डब्यात घालून मी काकूंची बेल वाजवली. "अगं, मला वाटलं, पिठलं आवडलं नाही तुम्हाला!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा गरम थालीपिठांसकट आमच्या दारात. आता आली पंचाईत.

मी कढयांचं खोकं उघडलं.