बुडाचे फुटवे

भातशेती करणाऱ्याच्या हाती गुलाब देऊ नये, हे मी आता छातीठोकपणे सांगतो.

बायको महाडच्या एका रोपवाटिकेत डोळे भरायची, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरून त्यात जातिवंत गुलाबाचा डोळा बसवायची. अंगणातला जर्दाळू रंगाचा फ्लोरिबंडा गुलाब तिनेच भरलेला. त्याचं कूळ तिला तोंडपाठ. झुपक्याने फुलणाऱ्या बुटक्या गुलाबाचा मोठ्या फुलाच्या गुलाबाशी संकर, पुढे त्यात पिवळ्या जातीचं रक्त. "ह्या गोतावळ्यात वास हरवतो, ह्याच्यात टिकलाय," असं कौतुकाने सांगायची. बी पेरलं तर भलतंच उगवतं, म्हणून डोळाच भरायचा. मी नुसता हुं हुं करायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर तिला मुंबईच्या इस्पितळात ठेवलं. तिची बहीण सोबत राहिली, मी लावणीसाठी मागे. निघताना म्हणाली, "माझा गुलाब तेवढा जगवा. परत येऊन वास घ्यायचाय मला."

लावणी उरकून बघतो तर झाडाच्या बुडातून तरारून फुटवे आलेले. भाताला असे फुटवे आले की आम्हाला आनंदाच्या उकळ्या फुटतात. ते कापतं कोण? मी उलट लेंडीखत घातलं. फोनवर तिला काही बोललो नाही. आल्यावर दाखवायचं होतं.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, घरी न्या. वीर स्टेशनवरून रिक्षाने आली ती थेट झाडापाशी. जुनी फांदी काळी पडली होती. मला वाटलं, जुनं जातं, नवं येतं. तिने एका फुटव्याच्या देठावरची पानं मोजली, बुंध्याची माती जरा उकरली. मग माझ्याकडे बघून हसली.

"लय जोर धरलाय. बरा राखलात की!"

मी गाढव, फुलून गेलो. महिन्याभरात ती गेली.

दहाव्याला तिच्यासोबत काम करणारी बाई आली. झाड बघून थबकली.

"दादा, हा नुसता खुंट वाढलाय. कलम मेलंय. बुडाची सात पानांची फूट रानगुलाबाची, आमी दिसली की खुडतो. वहिनीनं बघितलं नाय?"

"बघितलं," मी म्हणालो.

त्या महिन्यात मी तिला रोज विचारायचो, फूल कधी येईल गो? आणि ती रोज म्हणायची, येईल की, एवढी घाई कशाला?