खाणीवरची लांब मोटार

नळदुर्गाच्या बाहेर दगडाची खाण आहे. तिथं मी मोटार चालवली, बायकोनं खडी फोडली. मोटार म्हंजे निजामाच्या काळातली, एका जहागीरदाराची. काळी, लई लांब. किती वर्षं चिंचेखाली टाकून दिलेली. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. खाणमालकानं ती ओढून आणली, मागचा भाग गॅसनं कापला, लोखंडी हौदा जोडला, डिझेलचं इंजिन बसवलं. तिच्यातनं मी वर कामावर पिण्याच्या पाण्याची पिंपं न्यायचो. पिंपं भरायची बायको. मग माझ्याशेजारी बसून म्हणायची, "जहागीरदारीण मी. तुमी डायव्हर."

यंदा उन्हाळ्यात ती खाणीवरच गेली. छातीत कळ आली अन् बसल्या जागी संपली. दुसरी गाडी नव्हती. त्याच हौद्यात घोंगडं टाकून तिला घरी आणलं.

तेरावं करून कामावर गेलो. हौदा घासून धुतला, पिंपं भरून वर नेली. एकाही गड्यानं ग्लास बुडवला न्हाय. खाली बघत म्हणाले, "मढं नेल्याली गाडी. तिच्यातलं पानी कसं प्यावं?" अन् उन्हात पार विहिरीपर्यंत चालत गेले.

तीन दिवस असंच. मालक म्हणाला, "उद्या भंगारवाला येतोय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." बायकोचा एक फोटो कधी काढला न्हाय. तिची आठवण म्हणून ही मोटारच होती, अन् मला तोंड उघडता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भंगारवाला आला, बॉनेट उघडून बघाय लागला. तेवढ्यात खडी फोडणारी एक मुसलमान म्हातारी, बायकोची जोडीदारीण, हातोडी टाकून आली. हौद्यातल्या भरल्या पिंपात ग्लास बुडवला, उभ्या उभ्या प्याली.

"जिनं वीस वरसं तुमाला पानी पाजलं, ती मेल्यावर बाटली व्हय? मंग आजपत्तूर पेल्यालं बी ओकून काढा."

कोणीतरी हसलं.

"अन् दाजी, तुमी काय मूग गिळून बसलाव?"

पहिल्या दिवशी नको म्हणणारा गडीच पुढं आला. "मावशे, दे ग्लास. लई बोलतीस." मग रांगच लागली. मालक भंगारवाल्याला म्हणाला, "हिला ऱ्हाऊ दे. तो पलीकडं खडी वाहायचा मोडका पट्टा पडलाय, तो घेऊन जा."

बायको गेल्यापासून घास उतरत नव्हता. म्हातारीच्या डब्यातली दीड भाकरी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. पिंपं रिकामी झाली होती. दुसऱ्या खेपेला मोटार खाली घेतली.