पुंजाजींचे बारा व्होल्ट

पुंजाजी एकतीस वर्षं लाइनमन होते. ही गोष्ट ज्याला त्यांच्या तोंडून ऐकावी लागली नाही असा एक माणूस मोर्शीत दाखवा, त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मी फुकट काढून देतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे आणि मधली भिंत पत्र्याची आहे. त्यामुळे त्यांची अकरा हजार व्होल्टची लाइन माझ्या कानांवरून दिवसातून चारदा जाते.

दुकान खरं म्हणजे त्यांच्या मुलीचं, दीपमालाचं. तिनं आयटीआय केलं, पाच वर्षं अमरावतीच्या एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग केलं आणि वडील निवृत्त झाल्यावर इथं येऊन स्वतःचं दुकान टाकलं. पण पाटीवर नाव पुंजाजींचं, बाहेरच्या खुर्चीवर पुंजाजी, आणि आलेलं गिऱ्हाईक बोलणार तेही पुंजाजींशीच. ती बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेली असायची आणि लोक खुशाल विचारायचे, "मिस्त्री कुठी गेले?" ऐकून माझंच डोकं फिरायचं.

तिनं वडिलांना साफ सांगून ठेवलं होतं. दिवाळीपर्यंत वाट पाहते. एका तरी गिऱ्हाइकानं मला मिस्त्री म्हटलं तर ठीक, नाहीतर मी परत अमरावतीला. पुंजाजी तोंडानं "हो, हो" म्हणाले, पण आतून हादरले असणार, कारण त्या दिवशी अकरा हजार व्होल्ट एकदाही निघाले नाहीत.

अशात जानराव आले. हे बागांमधून संत्री भरून आणतात. बागेकडं जाणारी पांदण म्हणजे दोन बाजूंना बाभळी आणि मध्ये काळ्या मातीचा चिखल, म्हणून त्यांनी चारही चाकं ओढणारी जुनी पिकअप घेतली होती. मागच्या हंगामात दिवस बुडता बुडता रिव्हर्स घेताना ती पिकअप तोडलेल्या संत्र्यांच्या ढिगावर जाऊन बसली. तेव्हापासून जानरावांनी जादा लाइटचं मनावर घेतलं होतं. नागपूरहून त्यांनी आठ गोल दिवे आणले होते.

"पुंजाजीभाऊ, हे आठी समोर लावून द्या."

दीपमाला बॉनेटमधून बाहेर आली. "काका, तुमाले पाह्याचं काय हाये? लांबचं, का चाकाखालचं?"

जानरावांनी उत्तर पुंजाजींना दिलं. "मले काय पाह्याचं हाये? लोकायनं मले पाह्यलं पाह्यजे."

"मंग ढिगावर गाडी कशी गेली?" दीपमाला म्हणाली. "पांदणीत लांबचा उजेड काय कामाचा? समोर बंपरवर दोन पिवळे लावू, रुंद उजेडाचे. धुक्यात पांढरा उजेड आपल्याच डोयावर वापस येते. अन् एक पांढरा मांगं, रिव्हर्सले. तीन बस झाले."

"पुंजाजीभाऊ, हे काय म्हनून राह्यली?"

"तीन बस झाले म्हनते," पुंजाजींनी वऱ्हाडीतून वऱ्हाडीत भाषांतर केलं.

जानराव गाडी तिथंच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी दीपमाला पिवळे दिवे, जाड तार, रिले आणि फ्यूज आणायला अमरावतीला निघाली. जाताना बजावून गेली, "बाबा, गाडीले हात लावू नका."

ती गेली आणि जानराव हजर. "पोरीचं राहू द्या, पुंजाजीभाऊ. हात तुमचाच लागला पाह्यजे."

झालं. पुंजाजी विरघळले. "अकरा हजार सांभायले या हातानं. बारा व्होल्टनं मुंगी बी मरत नाई," म्हणत त्यांनी घरच्या फिटिंगमधून उरलेली बारीक तार काढली. बॅटरीपासून सरळ बटन, बटनापासून सरळ आठ दिवे. मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी मी विचारलं, "फ्यूज नाही लावत?"

"फ्यूज भित्र्यायले लागते, वामनराव."

संध्याकाळी पाचच्या सुमारास जानरावांनी बटन दाबलं. उजेड पडला, यात शंका नाही. समोरचा चहावाला डोळ्यांवर हात घेऊन खाली बसला. जानराव स्वतः त्या उजेडात जाऊन उभे राहिले, लोकांना दिसावेत म्हणून. दोनेक मिनिटं ते सगळ्यांना छान दिसले, आणि मग धुरामुळे दिसेनासे झाले.

बटन बंद करायला गेले तर ते वितळून जागेवरच चिकटलेलं. पुंजाजींनी आधी वर पाहिलं, कारण एकतीस वर्षं संकट त्यांच्यावर वरूनच आलेलं. मग मला ओरडले, "वामनराव, सबस्टेशनले फोन लावा! लाइन बंद कराले सांगा!" आणि मी शहाण्यानं फोन बाहेर काढलासुद्धा.

तेवढ्यात चौकात अमरावतीहून येणारी काळीपिवळी जीप थांबली. दीपमाला उतरली, पिशवी टाकून धावत आली, दहाचा पाना घेतला आणि बॅटरीची एक तार सोडवली. धूर थांबला. तिनं काळी पडलेली तार बोटात धरून पाहिली. मग ती वडिलांपुढं धरली.

"तारच बोगस असन," जानराव म्हणाले.

पुंजाजींना सुटायला वाट होती. पण ते म्हणाले, "तार चांगली हाये. अक्कल बारीक होती. माही."

"होते असं. आता नीट लावून द्या तुमी."

"मले येत नाई, जानराव."

हे वाक्य पत्र्याच्या भिंतीतून मला कधीच ऐकू आलेलं नव्हतं. मला एकदम त्यांची माया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमालानं काम हाती घेतलं. "काका, वावरातली मोटार तुमी निसत्या बटनावर चालोता का?"

"नाई. स्टार्टर लागते," जानराव म्हणाले. थेट तिला. चुकून असेल, पण तिलाच.

"हा रिले म्हंजे गाडीचा स्टार्टर. बटनानं फक्त हुकूम द्याचा, भार हा घेते. व्होल्ट कमी, तं तेवढ्याच उजेडाले करंट जास्त लागते, म्हनून तार जाड. अन् फ्यूज बॅटरीच्या जवळ. काही झालं तं पह्यले थो जयते, गाडी वाचते."

जानराव मान डोलावत राहिले.

मागच्या दिव्याची तार गाडीच्या खालून ओढायची होती. पुंजाजी खुर्चीवरून उठले, बॅटरीजवळ उभ्या असलेल्या मुलीसमोर आले आणि ताठ उभे राहून म्हणाले, "परमिट द्या."

हे मला त्यांनीच कधीतरी समजावलं होतं. लाइनमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनवाल्याकडून परमिट घेतो. म्हणजे तो लाइन बंद करतो, आणि हा उतरून परमिट परत देईपर्यंत कुणाच्या बापाला ती चालू करता येत नाही. वर गेलेल्याचा जीव खाली बसलेल्याच्या हातात असतो.

दीपमालानं बॅटरीची तार सोडवून बाजूला धरली. "देल्लं," ती म्हणाली.

पुंजाजी गाडीखाली शिरले. अर्ध्या तासानं समोरचे पिवळे दिवे बसले, रिले बसला, फ्यूज बसला. जानराव सीटवर चढून बसले होते. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि दीपमालाकडं बघत विचारलं, "मिस्त्री, जोडा न आता तार. दाबू का बटन?"

"थांबा काका," ती म्हणाली. "बाबानं परमिट वापस नाई केलं अजून."

पुंजाजी रखडत गाडीखालून निघाले, उभे राहिले, आणि दोन्ही हात मोकळे आहेत हे तिला दिसावं म्हणून वर केले.

"परमिट वापस, मिस्त्री," ते म्हणाले.