दोघांना आल्याशिवाय पान उलटायचं नाही

बदलीचा आदेश खिशात घालून मी शाळेत रुजू व्हायला गेलो, त्या दिवशी मुख्याध्यापिकांची खुर्ची रिकामी होती. देवळीच्या एसटीतून उतरून घामाघूम झालेला मी वऱ्हांड्यात उभा होतो, तेवढ्यात त्या, म्हणजे कुसुमताई ढोले, फाटकातून आल्या. एका हाताला एक मुलगी, दुसऱ्या हाताला तिचा धाकटा भाऊ. माझं नाव-गाव विचारण्याआधीच त्यांनी त्या मुलीचा हात माझ्या हातात दिला. "हिले वर्गात बसवा सर. वीटभट्टीवर अजून पोट्टे हायेत, मी घेऊन येते."

आमची ओळख अशी उभ्याउभ्याच झाली. पुढेही बाई निवांत बसलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत.

यंदा बाईंची साठी. गौरवग्रंथात चार चांगले शब्द लिहायचे असतात, हे मला कळतं. पण लिहायला बसलो की जीव थाऱ्यावर राहत नाही. ज्या शाळेसाठी बाई झिजल्या, ती पटसंख्येअभावी शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकण्याची बोलणी चालू आहेत. अशा वेळी नुसतं कौतुक कसं लिहायचं?

शेतकऱ्यांची, दुकानदारांची मुलं एकेक करून देवळीच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसू लागली होती. दिवाळी झाली की वीटभट्टीवर आणि कापूस वेचायला आलेल्या कोरकू आदिवासी कुटुंबांची मुलं आमच्याकडे येत. त्यांच्या घरात मराठी नाही, त्यामुळे ती आली की वाचनाच्या चाचणीत शाळा घसरे. या पाहुण्या मुलांचा निकाल वेगळा काढा, असं शाळा समितीत कुणीतरी सुचवलं. बाई म्हणाल्या, "पाहुना तं जेवून जाते. हे पोट्टे इथं शिकून राह्यले ना? मंग आपलेच."

त्यावर त्यांनी जोड्या लावल्या. गावातलं एक मूल, भट्टीवरचं एक. एकानं ओळ वाचायची, मग दुसऱ्यानं तीच, आणि दोघांना आल्याशिवाय पान उलटायचं नाही. हुशार मुलं अडकून पडतात, अशी माझी कुरकुर असे. "अडकू द्या सर. दुसऱ्याले सांगता सांगता त्याईलेच जास्त समजते," असं म्हणून बाई मलाच कामाला लावत. किराणा दुकानदार गोपालभाऊंची ईशा शब्द गिळायची. भट्टीवरच्या फुलवंतीला शिकवता शिकवता ती स्वच्छ वाचू लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फुलवंती तापानं फणफणली, तेव्हा तिला स्कूटीवर घालून दवाखान्यात नेणाऱ्याही बाईच. माझी आई दवाखान्यात होती त्या दिवसांत माझा वर्ग त्यांनीच सांभाळला, आणि मी आभार मानू लागलो तर रागावल्या.

मग वरून तपासणीचं पथक यायचं ठरलं. त्या दिवशी भट्टीवरची मुलं घरीच राहू द्या, असं सगळे सांगत होते. बाई नेहमीसारख्या सकाळी भट्टीवर गेल्या आणि सगळ्यांना घेऊन आल्या. फुलवंतीनं दोन ओळी अडखळत वाचल्या आणि थांबली. शाळेची श्रेणी उतरली.

गोपालभाऊ दुसऱ्याच दिवशी आले. "मॅडम, बुरा नका मानू. पन आमच्या पोरीले तुमी मांगं ठेवून राह्यल्या." ईशा व्हॅनमध्ये बसली. तिच्या पाठोपाठ आणखी मुलं गेली आणि पट कोसळला. ज्या दोन ओळी ऐकून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, त्याच शाळेच्या मुळावर आल्या. याचा राग मला अजून येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

बाई निवृत्त झाल्या, पण सुटल्या नाहीत. परवा रस्त्यात भेटल्या आणि एकदम म्हणाल्या, "सर, माहं चुकलं काय? शाळाच नाई राह्यली तं त्या पोट्ट्याईनं जावं कुठं?"

गंमत अशी की या सत्कार समितीचे अध्यक्ष गोपालभाऊच आहेत, आणि मनापासून राबताहेत. आम्ही बाईंकडे निमंत्रण घेऊन गेलो तेव्हा त्यांनी शाल-श्रीफळाला नकार दिला. "सत्कार करताच आहा, तं शाळेत करा. अन् हार नोका आणू भाऊ, तुमचा धाकटा आणा. पहिलीत घालतो म्हना, मंग मी येते."

गोपालभाऊंनी हातातली निमंत्रणपत्रिका बाईंच्या पुढ्यात ठेवली. मग म्हणाले, "पाहतो, मॅडम."

कुसुमताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे धड राहोत, आणि शंभराव्या वर्षीही त्यांनी आम्हाला असंच रागवावं. त्यासाठी आम्ही कितीही वर्षं थांबू. गोपालभाऊंना मात्र जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काय ते ठरवावं लागेल.